राष्ट्रीय उत्पन्नाची गळती : भ्रष्टाचार आणि आर्थिक वाढ

स्वातंत्र्यानंतर नियोजनबद्ध विकासाचा मार्ग स्वीकारताना भारताने एक साधे गणित समोर ठेवले होते. देशातील बचत वाढली आणि त्या बचतीतून धरणे, कारखाने, रस्ते व शाळा उभ्या राहिल्या, की राष्ट्रीय उत्पन्नही त्या प्रमाणात वाढेल, असे ते गणित होते. बचतीच्या बाबतीत देशाने कुचराई केली नाही. १९५०-५१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम १० टक्के एवढी बचत होत असे. १९७०-८० या दशकाच्या अखेरीस हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले. एका गरीब देशाने तीस वर्षांत बचतीचे प्रमाण दुप्पट करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु १९५० ते १९८० या काळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा सरासरी वार्षिक वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिला.

याचा अर्थ असा की, उत्पन्नात एका रुपयाची भर घालण्यासाठी प्रारंभी सुमारे तीन रुपयांची गुंतवणूक पुरत असे, तेथे पुढे पाच ते सहा रुपये घालावे लागले. अर्थशास्त्रात यालाच भांडवल-उत्पादन गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर वाढणे म्हणजे घातलेल्या पैशाचे फळ घटणे होय. हे फळ का घटले आणि त्यात भ्रष्टाचाराचा वाटा कोणता, हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांचा नाही. तालुक्याच्या कचेरीत देयक मंजूर करणारा अधिकारी, शाळेचे अनुदान खर्ची टाकणारा मुख्याध्यापक आणि ग्रामसभेपुढे हिशेब ठेवणारा सरपंच यांच्या दैनंदिन कामाशी त्याचा थेट संबंध आहे.

कारणे अनेक, दोष एकाचाच नव्हे

प्रत्येक अपयशाचे खापर भ्रष्टाचारावर फोडण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. ती शास्त्रीय नव्हे. वरील तीस वर्षांत वाढीचा वेग रोखणारी इतर कारणेही प्रबळ होती. १९६२, १९६५ व १९७१ अशी तीन युद्धे झाली. १९६५ व १९६६ ही लागोपाठची दोन वर्षे आणि महाराष्ट्राने विशेष तीव्रतेने अनुभवलेले १९७२ चे वर्ष अवर्षणाचे गेले. १९७३ आणि १९७९ मध्ये खनिज तेलाच्या किमती भडकल्या. अवजड उद्योगांत घातलेले भांडवल फलदायी होण्यास दीर्घ काळ लागतो. विजेचा तुटवडा, वाहतुकीची अपुरी साधने, निरक्षरता आणि लोकसंख्येची झपाट्याने झालेली वाढ या सर्वांचा परिणाम उत्पादनावर झाला.

दुसरी एक गोष्टही मान्य करावी लागते. दक्षिण कोरिया, चीन यांसारख्या देशांत भ्रष्टाचाराची मोठी प्रकरणे घडूनही त्यांची अर्थव्यवस्था दीर्घकाळ वेगाने वाढली. परंतु या दाखल्यावरून भ्रष्टाचार निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष निघत नाही. या देशांनी जमीनविषयक सुधारणा, सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण आणि निर्यातक्षम उद्योग यांवर प्रारंभापासून भर दिला होता. त्यांची वाढ या बळावर, भ्रष्टाचार असूनही झाली. निकोप प्रकृतीचा माणूस ताप सोसू शकतो. अशक्त माणसास तोच ताप अंथरुणास खिळवतो. ज्या देशात शाळा, पाणी आणि रस्ते हेच अपुरे आहेत, तेथे त्यांवरील पैशाची गळती अधिक महाग पडते.

लाच ही गळतीचा लहान भाग

भ्रष्टाचारामुळे किती पैसा बुडाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि उत्तरादाखल लाचेच्या रकमेचा अंदाज दिला जातो. वस्तुतः राष्ट्राची हानी लाचेच्या रकमेपुरती मर्यादित नसते. लाच म्हणून दिलेला रुपया एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. तो देशातच राहतो. हानी होते ती लाचेमुळे बदललेल्या निर्णयाने आणि बिघडलेल्या कामाने.

उदाहरणादाखल एका गावाच्या रस्त्याचा विचार करता येईल. समजा, अंदाजपत्रकानुसार २० लाख रुपये खर्चाचा रस्ता नीट बांधला तर १० वर्षे टिकणार आहे. म्हणजे त्याचा वार्षिक खर्च २ लाख रुपये पडतो. यातील ३ लाख रुपये वाटेत गळले. कंत्राटदाराने ती तूट खडीचा थर पातळ करून, डांबर कमी वापरून आणि दबाई अपुरी करून भरून काढली. असा रस्ता चार पावसाळ्यांतच उखडला, तर त्याचा वार्षिक खर्च ५ लाख रुपये होतो. गळले ३ लाख. परंतु उरलेल्या सहा वर्षांसाठी पुन्हा याच दराने रस्ता बांधावा लागला, तर गावावर आणखी ३० लाखांचा बोजा पडतो. शिवाय बाजारात वेळेवर न पोहोचलेला भाजीपाला, बिघडलेली वाहने आणि दवाखान्यात उशिरा पोहोचलेला रुग्ण यांची नोंद कोणत्याही मोजमाप पुस्तिकेत होत नाही. भांडवल-उत्पादन गुणोत्तर बिघडते ते असे, एकेका रस्त्यागणिक.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील अर्थतज्ज्ञ व्हितो तान्झी व हमीद दावूदी यांनी १९९७ साली अनेक देशांची आकडेवारी तपासून हाच निष्कर्ष काढला. जेथे भ्रष्टाचार अधिक, तेथे सार्वजनिक बांधकामांवरील खर्च अधिक दिसतो. परंतु देखभालीकडे दुर्लक्ष होते आणि रस्त्यांची गुणवत्ता हलकी राहते, असे त्यांना आढळले. पाओलो मॉरो या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिले की, अशा देशांत एकंदर गुंतवणूक घटते आणि शिक्षणावरील सरकारी खर्चही कमी राहतो. याचे कारण उघड आहे. मोठ्या बांधकामातून हिस्सा काढणे सोपे असते. शिक्षकाच्या वेतनातून किंवा पाठ्यपुस्तकातून तेवढे काढता येत नाही. त्यामुळे कोणते काम हाती घ्यावे हेच मुळात चुकीच्या निकषावर ठरते.

विलंबाचा बाजार

भ्रष्टाचाराच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद बराच काळ केला जात असे. सरकारी यंत्रणेची चाके गंजलेली असतात, लाच हे वंगण आहे आणि त्यामुळे उद्योगाला गती मिळते, असा तो युक्तिवाद होता. १९६० नंतरच्या दशकात काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी तो गंभीरपणे मांडला. भारतातील अनुभव याच्या उलट होता. केंद्र शासनाने १९६२ साली के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली भ्रष्टाचार प्रतिबंधक समिती नेमली. काम लवकर व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशाची प्रथा किती रुजली आहे, याकडे समितीने लक्ष वेधले. स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आशियाविषयक ग्रंथात या निरीक्षणाचा आधार घेऊन पुढची पायरी दाखवली. विलंबाला किंमत मिळू लागली की विलंब मुद्दाम निर्माण केला जातो. वंगण म्हणून दिलेले पैसेच गंज वाढवतात.

उद्योगांच्या बाबतीत हे चित्र विशेष स्पष्ट होते. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमानुसार कारखाना काढणे, त्याची क्षमता वाढवणे यांसाठी परवाना आवश्यक ठरला. दुर्मिळ भांडवल योग्य क्षेत्रात जावे हा त्यामागील हेतू चांगला होता. परंतु आयातीचा वा उत्पादनाचा परवाना हाती असणे हेच मोठ्या नफ्याचे साधन बनले. साहजिकच कारखान्याची कार्यक्षमता सुधारण्यापेक्षा परवाना मिळवण्यात बुद्धी, वेळ आणि पैसा खर्च करणे अधिक लाभाचे ठरू लागले. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ ॲन क्रूगर यांनी १९७४ साली या प्रवृत्तीचे विवेचन केले. परवाने व नियंत्रणे यांमुळे निर्माण होणाऱ्या अशा आयत्या लाभाचे मूल्य भारतात १९६४ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७ टक्के असावे, असा त्यांचा अंदाज होता. तो ढोबळ असला तरी त्यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन काढून टाकण्यात आले. त्यानंतरच्या दशकांत वाढीचा सरासरी वेग ६ टक्क्यांच्या आसपास व पुढे त्याहूनही वर गेला. या गतीस परकीय व्यापारातील खुलेपणा, सेवा क्षेत्राचा विस्तार आणि बचतीचे आणखी वाढलेले प्रमाण हेही कारण होते. मात्र परवाना गेला म्हणून भ्रष्टाचाराची संधी संपली नाही. ती जमीन, खाणी, ध्वनिलहरी यांसारख्या सार्वजनिक मालकीच्या संपत्तीच्या वाटपाकडे सरकली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ दूरसंचार परवाने आणि सप्टेंबर २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणपट्टे रद्द ठरवले. वाटपाची पद्धत मनमानी होती, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. दूरसंचार प्रकरणातील फौजदारी खटल्यात विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. कोणी लाच घेतली हे सिद्ध होवो अथवा न होवो, वाटपाचे निकष उघड नसतील तर उभे राहिलेले प्रकल्प अडतात, बँकांची कर्जे थकतात आणि गुंतवणूकदाराचा विश्वास ढळतो, हा धडा या दोन्ही प्रकरणांतून मिळतो.

पाटाच्या शेपटाकडील शेतकरी

शेतीच्या क्षेत्रात या प्रश्नाचे स्वरूप आणखी वेगळे आहे. रॉबर्ट वेड या अभ्यासकाने दक्षिण भारतातील कालव्यांच्या प्रशासनाचा सूक्ष्म अभ्यास करून १९८२ साली आपले निष्कर्ष मांडले. सोयीच्या जागेवर बदली मिळवण्यासाठी पैसे द्यावे लागत. ते वसूल करण्यासाठी कामांतून आणि पाण्यातून पैसा काढावा लागे. पाणी अनिश्चित राहिले तरच शेतकरी ते मिळवण्यासाठी पैसे देतो, म्हणून अनिश्चितता टिकवण्यातच काहींचा लाभ होता.

कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतकऱ्यास पाणी मिळते. शेपटाकडील शेतकऱ्याचे पीक वाळते. जो शेतकरी पाण्याची शाश्वती धरू शकत नाही, तो सुधारित बियाणे, खते वा फळबाग यांत पैसा घालत नाही. धरणावर कोट्यवधी रुपये खर्च होऊनही सिंचित क्षेत्र कागदावरच्या आकड्याला गाठत नाही, याचे एक कारण यात आहे. महाराष्ट्रासारख्या ज्या राज्याचे फार मोठे क्षेत्र पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे, तेथे पाणीवाटपाची पाळी जाहीर असणे व ती पाळली जाणे ही उत्पादनवाढीची गोष्ट आहे. पाणी वापर संस्थांनी मोजून पाणी घ्यावे आणि सभासदांत ते वाटावे, या पद्धतीचे महत्त्व याच दृष्टीने समजून घ्यावयास हवे.

सर्व गळती चोरी नसते

१९८५ साली तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी, गरिबांसाठी खर्च होणाऱ्या रुपयातील केवळ १५ पैसे त्यांच्यापर्यंत पोहोचतात, असे म्हटले होते. उरलेले ८५ पैसे चोरीस गेले, असा त्याचा अर्थ पुढे रूढ झाला. वास्तविक यंत्रणेचा खर्च, चुकीची लाभार्थी निवड, दिरंगाई आणि अपहार या चारही गोष्टी त्या गळतीत मिसळलेल्या असतात. नियोजन आयोगाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात, सवलतीच्या दराने दिलेल्या धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचत नव्हते, असे आढळले. यादीतील चुका व काळा बाजार ही दोन्ही कारणे त्यात नमूद होती. रोग दोन असतील तर औषधेही दोन लागतात. यादी चुकली असेल तर ती गावापुढे वाचून दुरुस्त करावी लागते. धान्य वळवले गेले असेल तर गुन्हा नोंदवावा लागतो.

गळतीचे आणखी एक रूप अनुपस्थिती हे होय. २००३ साली देशभर सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन झालेल्या पाहणीत सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत उपस्थित नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. ही समाधानाची बाब खरी. परंतु अनुपस्थितीचे प्रत्येक कारण दोषास्पद नसते. रजा व अन्य शासकीय कामे यांचाही त्यात समावेश होता. मुलांच्या दृष्टीने मात्र परिणाम एकच होतो. वेतनाचा खर्च झाला आणि त्या दिवसाचे शिक्षण झाले नाही. पुढील पिढीची उत्पादनक्षमता हेच राष्ट्राचे सर्वांत मोठे भांडवल असल्याने ही हानी वीस वर्षांनी राष्ट्रीय उत्पन्नात उमटते.

उघडेपणाचे मोजलेले फळ

भ्रष्टाचार हा मानवी स्वभाव आहे, तो जाणार नाही, असे निराशेने म्हटले जाते. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार नोंदवले आहेत, यावरून हा रोग जुना आहे हे खरेच. पण योग्य व्यवस्थेने गळती कमी होते, याचे मोजलेले पुरावे आता उपलब्ध आहेत.

आफ्रिकेतील युगांडा देशात १९९१ ते १९९५ या काळात शासनाने प्राथमिक शाळांसाठी पाठवलेल्या सादिलवार अनुदानापैकी सरासरी केवळ १३ टक्के रक्कम शाळांपर्यंत पोहोचत होती. हे उघडकीस आल्यानंतर कोणत्या जिल्ह्यास किती रक्कम पाठवली, हे वृत्तपत्रांत छापण्यास व शाळेच्या भिंतीवर लावण्यास सुरुवात झाली. २००१ पर्यंत शाळांना मिळणारी रक्कम ८० टक्क्यांच्या वर गेली. प्रशासनातील इतर सुधारणांचाही त्यात वाटा होता. तरी आपल्या शाळेचे किती पैसे निघाले हे मुख्याध्यापकास व पालकांस कळणे, ही त्यातील निर्णायक पायरी होती.

इंडोनेशियातील प्रयोग पंचायत सदस्यांसाठी अधिक उद्बोधक आहे. बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञाने जावा बेटावरील सहाशेहून अधिक गावांतील रस्त्यांचा अभ्यास करून २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अभियंत्यांनी रस्ते खोदून प्रत्यक्ष किती खडी व वाळू वापरली हे मोजले आणि ते हिशेबाशी ताडून पाहिले. काही गावांना आधीच कळवले होते की, लेखापरीक्षण निश्चित होईल व त्याचे निष्कर्ष गावसभेत वाचले जातील. या गावांत बेपत्ता खर्चाचे प्रमाण सुमारे ८ टक्के अंशांनी घटले. दुसऱ्या काही गावांत केवळ सभेची निमंत्रणे मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आली. तेथे उपस्थिती वाढली, मजुरीतील गळतीही कमी झाली, परंतु साहित्यातील गळती तशीच राहिली. मजुरी स्वतःची असते, म्हणून मजूर तिच्यावर लक्ष ठेवतो. खडी सर्वांची असते, म्हणून तिच्यावर कोणाचेच लक्ष नसते. लोकसहभाग आणि तज्ज्ञ तपासणी ही दोन्ही चाके एकत्र असतील तरच गाडा चालतो.

महाराष्ट्रातील साधने

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा उल्लेखनीय आहे. लोकआयुक्तांचा कायदा राज्याने १९७१ साली केला व १९७२ मध्ये ही संस्था कार्यान्वित झाली. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली आला, त्यापूर्वी २००२ मध्येच राज्याने या विषयावर स्वतःचा कायदा केला होता. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेने हजेरीपट व कामाचे मोजमाप यांचे महत्त्व गावोगावी पोहोचवले. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला, उतारा वा परवानगी किती दिवसांत द्यावयाची हे जाहीर करणे बंधनकारक झाले आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद झाली. विलंबाचा बाजार मोडण्याचा हा सरळ उपाय आहे.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार लाच देणे हाही स्वतंत्र अपराध आहे. ज्यास लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास त्यास संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

तथापि, कायदा पुस्तकात असणे आणि फलक भिंतीवर असणे यांत अंतर असते. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक व खर्चाची माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावयाची आहे. कामाच्या जागी मंजूर रक्कम, लांबी, रुंदी, थराची जाडी व कंत्राटदाराचे नाव लिहिलेला फलक लावणे. मोजमाप घेताना दोन ग्रामस्थांना हजर ठेवणे. लेखापरीक्षणातील आक्षेप ग्रामसभेत वाचून दाखवणे. शाळेस आलेले अनुदान व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे. दाखल्यांचे अर्ज आले त्या क्रमाने निकाली काढणे. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवा निधी वा नवा कायदा लागत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाचा वेग दिल्लीत मोजला जातो, पण तो घडतो गावाच्या रस्त्यावर, पाटाच्या चारीवर आणि शाळेच्या वर्गात. देशाने पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या भांडवलाचे पूर्ण फळ मिळावयाचे असेल, तर नव्या कामाच्या मंजुरीइतकीच उत्सुकता झालेल्या कामाच्या मोजमापाबद्दल वाटली पाहिजे. ज्या ग्रामसभेत खडीच्या थराची जाडी विचारली जाते, ती सभा आपल्या गावापुरते राष्ट्राचे भांडवल-उत्पादन गुणोत्तर सुधारत असते.